रूम पाहायचे आहे? आधी सोपाऱ्याला चला

लालबागच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे. मुलगा नववीत. यूट्यूबवर रोमन फौजा, रोमन रस्ते, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई असे काय काय पाहत असतो आणि ‘अम्मी, एकदा तरी हे खरेखुरे पाहायचे’ म्हणून मागे लागला आहे. एका टूरवाल्याकडून इटलीचे पत्रक आणले, त्यात हलाल जेवणाची सोयही लिहिलेली. पण चार माणसांचा आकडा पाहून मियाँ-बीवी दोघे गप्प झाले, कारण तेवढ्याच पैशांत उमऱ्याचा बेत ठरत आला होता. त्यात दादीजानचे म्हणणे, पडक्या देवळांत आणि पुतळ्यांत आपल्या माणसांनी जायचेच कशाला?

पैशांचे उत्तर सोपे आहे. उमऱ्याचे पैसे उमऱ्यालाच राहू द्या. पण मुलाची ओढही मारू नका. रोमन जहाजे जिथे येत होती ते ठिकाण पाहायला पासपोर्ट लागत नाही, दादरहून विरार लोकल पुरते. मात्र बेत नीट आखला नाही तर मुलगा तिथे जाऊन म्हणेल, ‘इथे तर विटांचा ढिगारा आहे!’ आणि त्याचे काही चुकणार नाही. म्हणून हा लेख बेत आखण्यावरच आहे.

त्याआधी दादीजानच्या शंकेकडे वळू. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण घरोघरी मुले मकतबमध्ये ज्या सूरा शिकतात, त्यांत कुरआन शरीफची तिसावी सूरा ‘अर-रूम’ आहे. तिचे नावच रोमवरून आहे. ही सूरा मक्केत उतरली तेव्हा इराणच्या सासानी बादशाहाने रूमच्या फौजांना हरवले होते, ६१४ साली बैतुल मुकद्दसही त्यांच्या हातून गेले होते. हरलेले रूमी काही वर्षांतच पुन्हा जिंकतील, अशी बशारत या सूरेच्या सुरुवातीला आहे, आणि पुढे तसेच घडले. ज्या बादशाहाने ती लढाई जिंकली तो हिरक्ल, म्हणजे हेराक्लियस. त्यालाच पुढे रसूलुल्लाह ﷺ यांचे पत्र गेले होते, हे हदीसमध्ये आपण वाचतो. तोवर रोमन साम्राज्याची राजधानी इटलीत राहिली नव्हती. ३३० सालीच ती कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला गेली होती. म्हणून अरबांच्या तोंडी ‘रूम’ म्हणजे मुख्यतः तो पूर्वेकडचा मुलूख. मौलाना रूमींच्या नावातला रूमही तोच.

याच सूरेत माणसांना विचारले आहे की, हे लोक जमिनीवर फिरले नाहीत का, आपल्या आधीच्यांचे काय झाले ते यांनी पाहिले नाही का? हा आशय कुरआनात एकदा नव्हे, बऱ्याच ठिकाणी येतो. तेव्हा इबरतीसाठी अवशेष पाहणे आणि तिथे जाऊन पूजा करणे यांतला फरक दादीजानना समजावणे अवघड जाऊ नये. अदब मात्र हवी. तबूकच्या सफरीत समूद लोकांच्या उजाड वस्तीजवळून जाताना हसत-खिदळत जाऊ नका, ही शिकवण सहाबांना मिळाली होती. सोपारा ही काही अजाब आलेली वस्ती नव्हे. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले, एवढेच. तरीही ती शिस्त मुलांनी इथे पाळली तर काही बिघडत नाही. सेल्फीसाठी स्तूपावर चढणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती कोणा एकाच समाजाची नव्हती.

आता मुख्य मुद्दा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, पण त्याचा हिशेबी स्वभाव पानापानांवर दिसतो : कुठे काय विकले जाते, कुठे खडक आहेत, कुठल्या राजाला काय भेट द्यावी लागते. त्यात आपल्या किनाऱ्यावरची बंदरे ओळीने येतात. सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमुल्ला म्हणजे अलिबागजवळचे चौल. कल्याणबद्दल तो तक्रारही करतो. पूर्वी तिथे व्यापार खुला होता, पण दुसऱ्या एका राजाचा अंमल आल्यापासून चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जातात, असे तो सांगतो. बंदरे आणि सरकारी अडवणूक यांची जोडी दोन हजार वर्षांची आहे.

ही जहाजे यायची कशी, हे मुलांना नक्की सांगा, कारण त्यातला एक शब्द आपल्या घरातला आहे. जुलैच्या सुमारास इजिप्तच्या किनाऱ्यावरून निघायचे, नैऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा, माल विकायचा, माल भरायचा आणि थंडीत वारा उलटला की परतायचे. अरबी खलाशी या ठरलेल्या हंगामाला ‘मौसिम’ म्हणत. आपण मौसम म्हणतो आणि इंग्रजांनी त्याचा मान्सून केला. अरब या व्यापारात उशिरा आले असेही नाही. यमनच्या मूझा बंदरातले लोक स्वतःची जहाजे घेऊन भरूचशी व्यापार करतात, हे त्या ग्रीक व्यापाऱ्यानेच लिहिले आहे. म्हणजे इस्लाम येण्याच्या साडेपाचशे वर्षे आधी अरबी शिडे या पाण्यात होती.

आणि माल काय जायचा? काळी मिरी मुख्यतः केरळहून. पण आपल्याकडून हस्तिदंत, अकीकसारखे खडे आणि कापड. पैठणहून अकीक आणि तेरहून सुती कापड व मलमल गाड्यांवर लादून भरूचला येते, असे पेरिप्लस सांगतो. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या गिरणीत साच्यावर उभ्या राहिल्या, किंवा ज्यांचे आजोबा मदनपुऱ्यात हातमाग चालवत, त्यांच्या मुलांना ही ओळ मुद्दाम सांगा. महाराष्ट्रात विणलेले कापड रोमन बाजारात विकले जात होते. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर वैतागून हिशेब मांडला आहे की, हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, ओढून नेतो.

आता बेत. तो दोन दिवसांचा करा, आणि क्रम उलटा ठेवा. आधी सोपारा नाही, आधी फोर्ट. कारण सोपाऱ्यात सापडलेल्या महत्त्वाच्या वस्तू सोपाऱ्यात नाहीत, त्या दक्षिण मुंबईत आहेत. गिरगावातल्या माणसाला चालत किंवा एका बसने गाठता येईल इतक्या जवळ आहेत आणि आपण रोज त्यांच्यावरून जातो.

पहिला थांबा, छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालय. जुन्या लोकांचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे सोपाऱ्याहून आणलेले तुकडे आहेत. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना सापडला. शोधत फिरू नका, कर्मचाऱ्याला ‘सोपाऱ्याचा अशोकाचा लेख’ असे विचारा. दगड दिसायला साधा आहे, ब्राह्मी अक्षरे कळणारही नाहीत. पण आठव्या लेखाचा विषय मुलांना सांगितला तर ती दगडाजवळ थांबतील, कारण तो विषय सहलीचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी फिरायला जात. अशोकाने ती पद्धत सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, साधू-संन्याशांना भेटायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांना दान द्यायचे, गावोगावच्या लोकांची गाठ घ्यायची, असे त्यात आहे. म्हणजे सहकुटुंब सहल कशी असावी यावर बावीसशे वर्षांपूर्वीचा सल्ला, आणि तो आमच्या या सदरापेक्षा थोडक्यात.

दुसरा थांबा हॉर्निमन सर्कलचा टाऊन हॉल. त्यातली एशियाटिक सोसायटी १८०४ साली स्थापन झाली. सिनेमात ज्या रुंद पांढऱ्या पायऱ्या शंभर वेळा पाहिल्या आहेत त्या याच. तीस आहेत. दादीजानचे गुडघे दुखत असतील तर त्यांना बागेत बसवा, हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली छान असते. सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेला ठेवा या सोसायटीकडे आहे. पण हे ग्रंथालय आहे, काचेची कपाटे लावून बसलेले संग्रहालय नव्हे. त्यामुळे आधी फोन करून, शक्य तर शाळेच्या शिक्षकांकडून पत्र घेऊन, वस्तू पाहता येतील का हे विचारावे. नाहीच जमले तरी हिरमोड करून घेऊ नका. पायरीवर बसून गोष्ट सांगितली तरी चालते. गोष्ट आहेच तशी.

सोपाऱ्यात एक टेकाड होते. गावचे लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ते खणले. हे जुनागडचे गृहस्थ. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेले, जुन्या लिपींचे मोठे जाणकार. टेकाडाच्या मधोमध विटांच्या कोठीत एक मोठी गोल दगडी पेटी निघाली. तिच्यात भोवताली बसलेल्या बुद्धांच्या आठ धातुमूर्ती आणि मध्ये तांब्याचा करंडक. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. एवढे सगळे उघडत गेल्यावर सोन्याच्या इवल्या डबीत काय असेल? मुलांना इथे थांबवून अंदाज करायला लावा. हिरे म्हणतील, मोती म्हणतील.

आत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते.

हे तुकडे गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे आहेत या श्रद्धेने कोणीतरी ते इतक्या जपणुकीने ठेवले होते, असे भगवानलालांचे मत. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक, म्हणजे रोमन जहाजे इथे येत होती तोच काळ. बंदरातून आलेल्या पैशांवरच असे स्तूप आणि लेणी उभी राहिली. सोपाऱ्याचे व्यापारी दान करायला दूरदूर जात. नाणेघाटात पाण्याचे टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या माणसाचे दान आहे आणि त्याच लेण्यात ‘यवनां’नी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी दिलेले खांबही आहेत. परदेशी माणूस इथे येऊन इथल्या धर्मस्थळाला खांब देत होता आणि त्याबद्दल त्याचे नाव दगडात कोरले जात होते.

हे सगळे मनात घेऊन दुसऱ्या दिवशी, किंवा पुढच्या आठवड्यात, सोपाऱ्याला निघा. शुक्रवार टाळा, जुम्म्याच्या नमाजची घाई होते. शनिवार बरा. पावसाळ्यात तर नकोच. नालासोपाऱ्यात पाणी तुंबल्याच्या बातम्या आपण दरवर्षी पाहतो. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सर्वांत चांगली. लालबाग-परळच्या लोकांनी दादरला येऊन पश्चिम रेल्वेची विरार जलद लोकल धरावी, गिरगावकरांना चर्नी रोडहूनच मिळेल. विरार लोकल म्हटले की दादीजान घाबरतील. पण सकाळची गर्दी विरारहून मुंबईकडे येते आणि संध्याकाळची मुंबईहून विरारकडे जाते. आपण दोन्ही वेळा उलट्या दिशेने, तेव्हा बसायला जागा मिळते. दादरहून तासाभरात नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘सोपारा गावातला बौद्ध स्तूप’ सांगा. पाणी, टोपी आणि घरचा डबा बरोबर ठेवा, मात्र डबा स्तूपाच्या आवारात उघडू नका.

हे शेवटचे जरा जोर देऊन लिहिते आहे. आपल्यासाठी ती पाहण्याची जागा असेल, पण बौद्ध बांधवांसाठी ते श्रद्धास्थान आहे. बुद्ध पौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते. नायगावच्या, वरळीच्या बीडीडी चाळींतून राहणारे आपले कितीतरी शेजारी तिथे जातात. मुलाच्या वर्गात अशा घरातला एखादा मित्र असेल तर त्यालाही बरोबर न्या. तो दाखवेल ते तुमच्या गाइडबुकात नसेल. तिथे कोणी वंदना करीत असेल तर आवाज न करता बाजूला उभे राहावे, जसे आपल्या मशिदीत आलेल्या पाहुण्याने वागावे असे आपल्याला वाटते.

स्तूप पाहून झाला की मुलाला सांगा, आता खरी रोमची गोष्ट. स्तूपापासून काही अंतरावर भाटेला तलाव आहे आणि गावात दर्गा आहे. १९९३ साली पुरातत्त्व खात्याने या दोहोंच्या मधल्या भागात उत्खनन केले. जमिनीखाली जुन्या कडेविहिरी निघाल्या, घडीव दगडांची भिंत निघाली, सातवाहनांची शिशाची नाणी, मणी, काचेचे तुकडे निघाले. आणि रोमन ॲम्फोराचे तुकडे निघाले. ॲम्फोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण. जहाजाच्या तळाशी हे रांजण एकमेकांना टेकवून उभे करीत. त्यात काय असे, हे मुलगी विचारेल. खरे सांगा : बऱ्याचदा दारू, कधी ऑलिव्हचे तेल, कधी मासे मुरवून केलेला रस. उत्तर टाळले की मुले इंटरनेटवर शोधतातच.

पण त्याच उत्खननात आणखी काही निघाले. झिलई चढवलेली इस्लामी भांडी, आणि हिरवट झिलईची चिनी भांडीही. त्याआधी १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एम. एम. कुरेशी यांनी मुख्य स्तूपाच्या परिसरात पुन्हा खोदकाम केले. तेव्हा दक्षिणेकडे दोन लहान स्तूप सापडले आणि तिथेही मुसलमानी झिलईदार भांड्यांचे तुकडे मिळाले होते. माझ्या मते सोपाऱ्यात मुलांना दाखवण्यासारखे सर्वांत मोलाचे हेच आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, सांगावे लागते. एकाच गावच्या मातीत अशोकाचा दगड, सातवाहनांचे नाणे, रोमचा रांजण आणि बसरा-सिराफच्या बाजूने येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या काळातले वाडगे पडून होते. दुकान तेच राहिले, गिऱ्हाईक बदलत गेले.

कारण रोमन जहाजे यायची थांबली तरी ही बंदरे ओस पडली नाहीत. अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत सोपारा ‘सुबारा’ म्हणून येते आणि चौल ‘सैमूर’ म्हणून. बगदादचा मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, स्वतः सैमूरला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. सिराफ, उमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून येऊन राहिलेले आणि इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे वेगळे नावही होते. राजा हिंदू, शिलाहार घराण्यातला झंझ, राष्ट्रकूटांचा मांडलिक. पण मुसलमानांचे आपसांतले व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला ‘हुनरमान’ म्हणत. या मुलखात मुसलमानांना मान आहे, त्यांच्या मशिदी आहेत, असे मसऊदीने समाधानाने नोंदवले आहे.

आपल्या मुलांना शाळेत, खेळाच्या मैदानात, कधीतरी ‘तुम्ही बाहेरचे’ हे ऐकावे लागते. अशा वेळी मसऊदीचा दाखला खिशातून काढून दाखवावा असा माझा सल्ला नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज सिराफहून जहाजात बसून आलेले नाहीत. कोणी दख्खनचे विणकर, कोणी कोकणातले शेतकरी, खलाशी, कोणी उत्तरेतून गिरण्यांत पोट भरायला आलेले. राहण्याचा हक्क दहाव्या शतकातल्या पावतीवर अवलंबून असता तर या मुंबईत कोणाचाच टिकला नसता. पण मुलाने सोपाऱ्यात उभे राहून हे एकदा ऐकलेले असले की ‘बाहेर’ हा शब्द त्याला थोडा वेगळा ऐकू येईल. या किनाऱ्यावर बाहेरून येणे ही नवलाची गोष्ट नव्हती, बंदराचा तो रोजचा धंदा होता. यावर मुलांशी वाद घालू नका, मोठे भाषणही नको. परतीच्या गाडीत ती स्वतःच काहीतरी विचारतील, तेवढ्याचे उत्तर द्या.

ज्यांना एवढ्याने समाधान होणार नाही त्यांच्यासाठी आणखी थोडे. गेटवेहून लाँचने घारापुरीला जाता येते. लेणी सर्वांना माहीत आहेत, पण त्या बेटावरही भूमध्य समुद्राकडून आलेल्या ॲम्फोरांचे तुकडे मिळाले आहेत, म्हणजे तेही बंदरच होते. सोमवारी लेणी बंद असतात, आणि भर पावसात समुद्राचा भरवसा नाही. कोल्हापूरला नातेवाईक असतील तर टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहून या. ग्रीक-रोमन लोकांचा हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा पोहोचला, हे कोडे मुलांना आवडेल. मोठी सुटी असेल तर धाराशिव जिल्ह्यातले तेर. ज्या तेरचे कापड भरूचला जायचे तेच हे गाव. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. त्यात हस्तिदंतात कोरलेली स्त्रीची एक छोटी मूर्ती आहे.

या मूर्तीसारखीच दुसरी एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली पॉम्पेईत राखेखालून निघाली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई गाडले गेले ७९ साली, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. मसाले किंवा कापडाबरोबर ती कोणी नेली असेल, की फर्निचरचा किंवा आरशाचा भाग म्हणून गेली असेल, यावर जाणकारांचे वेगवेगळे अंदाज आहेत. तेव्हा लालबागच्या भगिनीच्या मुलाला माझा निरोप एवढाच द्या : पुढे कधी स्वतःच्या कमाईने इटलीला जाशील तेव्हा कोलोसियमच्या रांगेत सगळा दिवस घालवू नकोस. नेपल्सला त्या मूर्तीसमोर जाऊन उभा राहा. पण त्याआधी तेरची पाहिलेली असू दे, नाहीतर ती आपल्याकडची आहे हे तुला ओळखू कसे येणार?

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. जेद्दाहच्या समोर, तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या इजिप्तच्या किनाऱ्यावर, जेद्दाहपासून बरेच उत्तरेला बेरेनिके नावाचे रोमन बंदर वाळूत पुरलेले आहे. तिथल्या उत्खननात हिंदुस्थानी मातीच्या रांजणात भरलेली साडेसात किलो काळी मिरी मिळाली, आपल्याकडचे सागवान मिळाले, आणि २०२२ साली तर बुद्धाचा एक संगमरवरी पुतळा निघाला. विमान जेद्दाहला उतरताना खिडकीतून समुद्र दिसतो. खिडकीची जागा मुलीला द्या, मुलाला परतीच्या वेळी.